उडता पायी येतो ती रीळ

बोरी, ता. जिंतूर
२८ एप्रिल १९८६

चि. सौ. कोकिळास,

तुझ्या कमलवैनीचा आशीर्वाद. हे पत्र पूर्ण वाचून झाल्यावर मगच हॉटेलातल्या दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेव. मागच्या पत्राचं काय झालं ते तुझ्या रंगनाथरावांनीच सांगितलं मला, आणि वर हसले.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माणसं खुशाल आहेत, पण सावड मोडली.

आपली आणि वैजीनाथभाऊजींची गं. मी या घरात नांदायला आले तेव्हा तू फ्रॉक घालून हिंडायचीस, आणि तेव्हाही या दोन घरांत मिळून एकच बैलजोडी होती. एक बैल आपला, एक त्यांचा. आज त्यांचं रान, उद्या आपलं. आताचा आपला काजळ्या डावीकडं चालतो आणि त्यांचा लाल्या उजवीकडं. ती जोडी सुटली. लाल्या भाऊजींच्या दारात, काजळ्या आपल्या दारात, आणि दोघं दिवसभर एकमेकांच्या नावानं हंबरतात.

कशावरून मोडली म्हणशील, तर पिक्चरवरून. हस. मी पण पहिल्या दिवशी हसले.

मारुतीच्या जत्रेत यंदा तंबूचा टॉकीज आला होता. मधे कनात, अलीकडं बाया, पलीकडं गडीमाणसं. पिक्चरचं नाव ‘पाच वज्र’. पाच जण असतात, पाचांच्या अंगात पाच शक्त्या. एक आभाळात उडतो. एकाचं अंग दगडाचं, गोळी लागली तर गोळीच चपटी होते. एक बाई तळहातातून जाळ काढते, आणि जाळ काढताना तिची साडी जराही करपत नाही. एक दिसेनासा होतो. पाचवा म्हातारा, त्यानं हात वर केला की वारा थांबतो, पण बिचाऱ्याला निम्म्या पिक्चरभर खोकलाच. त्यांची हिंदी नावं कुणाच्या ध्यानात राहिली नाहीत. गावानं पहिल्या दहा मिनिटांत बारसं केलं, हा उडता आणि हा दगडी.

निम्मा पिक्चर पाचही जण मिळून दुष्टांना बदडतात. शिट्ट्यांनी कान किटले. मग एक धरण फुटायला येतं. खाली मोठं शहर. उडता वरून बघतो आणि धरणाची दुसरी बाजू फोडून पाणी तिकडं काढून देतो. शहर वाचतं, पण ते पाणी जातं दगडीच्या गावावर. सगळं गाव पाण्याखाली. दगडीला कुणी सांगितलंसुद्धा नसतं. झालं, पाच जणांच्या दोन पार्ट्या. काल एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांच्या नरड्याला. शेवटी उडता आणि दगडी त्याच धरणाच्या भिंतीवर समोरासमोर उभे राहतात, दगडी मूठ उगारतो, आणि तेवढ्यात अशी वावटळ आली बघ की खांब कलला आणि पडदा उडत्यासकट बायांच्या अंगावर आला. तंबूवाल्यानं सकाळी चंबूगबाळं आवरलं आणि ट्रकमधे टाकून पाथरीची वाट धरली. शेवट कुणीच पाहिला नाही.

घरी येता येता वाटेवर तुझे दादा म्हणाले उडत्याचं बरोबर, भाऊजी म्हणाले दगडीचं. काहीतरी बोलाचाली झाली. सकाळी भाऊजी आले, दावणीतून लाल्याला सोडलं, आणि चहा न घेता गेले.

तुझं हॉटेल ष्टँडासमोर, तंबूही तिथंच कुठं लागेल. तेवढा शेवट बघून कळव. कोण बरोबर निघालं ते एकदा कळलं म्हणजे हे दोघं गप्प बसतील.

तुझी,
कमलवैनी

ता. क. भाऊजींची पारू आणि मी मात्र बोलतो. विहिरीवर भाकरीला कालवण देणं-घेणं चालू आहे. आमची सावड मोडायला अजून तसा पिक्चर निघायचाय.



पाथरी
४ मे १९८६

ती. वैनी,

कोकिळाचा नमस्कार, आणि पत्र पातेल्यावर ठेवलेलं नाही, डब्यात ठेवलंय.

इतकी हसले की यांनी गिऱ्हाईक सोडून आत येऊन विचारलं काय झालं. मी वाचून दाखवलं, मग हे पण हसले. दादा आणि वैजूदादा पिक्चरवरून भांडले! अगं, ही दोघं लहानपणी कुणाच्या पतंगाचं शेपूट लांब यावरून भांडायची आणि दुपारी एकाच झाडावर चिंचा पाडायला चढायची. दोन दिवसांत वैजूदादा लाल्याला घेऊन हजर होईल. हे पत्र पोचेपर्यंत झालंही असेल.

आणि आमच्या दादाला उडत्याची बाजू घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तो स्वतःच उडता. सायकल घेतल्यापासून त्याचे पाय जमिनीला कधी लागले का? तीन घरं सोडून वैजूदादाचं घर, तिथंही घंटी वाजवत जाणार. माझ्या लग्नात अक्षता पडेपर्यंत सायकल मांडवाच्या खांबाला टेकवून उभा होता.

तंबू इथं लागलाय, बाजारतळावर. खेळ शनिवारपासून. मी जाते, शेवट बघते आणि निकाल कळवते. जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याला आमच्या हॉटेलात भजी खाऊ घालायची, असं दोघांना सांग. तुम्ही दोघी पण या. हे म्हणतात, वैनी आल्या तर चहात दूध जास्त घालीन.

जाळवाल्या बाईच्या साडीचा रंग कळवला नाहीस तो नाहीसच. मीच बघेन.

तुझी,
कोकिळा



बोरी
११ मे १९८६

चि. कोकिळा,

परभणीला नामांतराचा मोर्चा होता, दोन दिवस एसट्या आल्या नाहीत, म्हणून तुझं पत्र काल मिळालं. भज्यांचं मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं घर राहिलेलं नाही.

मागच्या पत्रात मी ‘काहीतरी बोलाचाली झाली’ असं लिहिलं. तुझ्या दादांचं बोलणं कागदावर उतरवायला मला लाज वाटली. आता लिहिते.

तुला माहीत आहेच, भाऊजींचं मूळ गाव येलदरीच्या धरणात गेलं. ते लहान होते, बापाच्या खांद्यावर बसून बोरीला आले. आले तेव्हा तुझ्या वडिलांनीच त्यांना बैलाची सावड दिली, तिथून हे चालू आहे. भाऊजी त्या गावाबद्दल कधी बोलत नाहीत. पण त्या दिवशी पिक्चरमधे गाव पाण्यात जाताना दाखवलं तेव्हा कनातीपलीकडं सगळे शिट्ट्या मारत होते आणि पारू मला हळूच म्हणाली, “माझं माणूस गप झालंय गं, शिट्टी न्हाई त्याची.”

वाटेवर भाऊजी म्हणाले, “दगडीचं बराबर हाय. त्याला इचारलं का कुणी?”

तुझे दादा म्हणाले, “इचारत बसला असता तर शहर गेलं असतं की वाहून.”

“जाऊ दे की. पर इचारायचं तर.”

आणि मग तुझे दादा जे बोलले ते हे. म्हणाले, “लेका वैज्या, एका गावापायी किती साल रडायचं? तुमचं गाव बुडालं म्हून तर आमच्या घरात लाइट आली.”

हसत हसतच म्हणाले गं. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते मला ठाऊक आहे. पण भाऊजी चालता चालता थांबले. म्हणाले, “लाइट माझ्या घरात बी हाय, रामकिशन. पर बटन दाबताना मला माजी माय दिसती.” आणि आडवाटेनं एकटे घरी गेले.

आता रानाची गत ऐक. नांगरट झालेली आहे, ढेकळं तशीच पडलीत, आणि ती फोडायला वखराची एक पाळी नाही. एका बैलावर वखर चालत नाही. तुझ्या दादांनी ईर्षेनं सिताराम पाटलांचा बैल मागून आणला. तो पण डावीकडचाच निघाला! काजळ्या त्याला बाजू देईना, तो काजळ्याला देईना. दोघं मिळून वखर घेऊन बांधावर चढले आणि तुझे दादा मागून फरफटत. शेजारच्या रानातले लोक पोट धरून हसले. भाऊजी त्यांच्या रानात धसकटं वेचत होते. ते हसले नाहीत, उठून दुसरीकडं तोंड करून बसले.

आणि परवा पारू रडत सांगत आली की ते लाल्याला जिंतूरच्या बाजारात विकायचं म्हणायलेत. जमीन कुणाला तरी निम्म्या वाट्यावर बटईनं लावून द्यायची आणि दसऱ्याला उसाच्या टोळीबरोबर घाटाखाली जायचं. “ज्या गावात माझं गाव हसण्यावारी नेत्यात तिथं ऱ्हाऊन काय करू?” असं म्हणतात. एकदा गेलं माणूस की परत येतं का गं?

मला भीती वाटते. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत आपण बघितलं, माणसं किती लवकर बदलतात. आसपासच्या गावांतून काय काय कानावर यायचं. वस्तीवर परगावचे लोक चालून येणार अशी आवई उठली तेव्हा हेच दोघं आपली गाडी वस्तीच्या वाटेवर आडवी लावून बसले होते, काजळ्या-लाल्याच्या आधीची बैलजोडी जुंपलेली. कुणी आलं नाही, पण बसले होते. ती दोन माणसं आज एका पिक्चरपायी तोंडं फिरवून चालतात.

तुझे दादा तोंडानं कबूल होणार नाहीत, पण झोपेत कूस बदलत राहतात. काल विचारत होते, “कोकिळीचं पत्र आलं का? शेवट काय झाला?” आणि गंमत म्हणजे भाऊजींनी पण पारूला हेच विचारलं. दोघं त्या शेवटावर अडून बसलेत. लवकर कळव.

कमल



पाथरी
१६ मे १९८६

ती. वैनी,

तुझं पत्र वाचून माझं हसू कुठल्या कुठं गेलं. माझ्या लग्नात निघताना मी रडायला लागले तेव्हा एका हाताला दादा होता आणि एका हाताला वैजूदादा. मला सख्खा कोण ते त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी पिक्चर पाहिला. आता शेवट लिहिते, तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाच. ओट्यावर बसून वाच, वैजूदादाच्या घरापर्यंत आवाज गेला पाहिजे.

तर असं होतं. दगडी मूठ उगारतो, तिथं तुमचा पडदा पडला. ती मूठ तो मारत नाही. उडत्याकडं बघतो आणि खाली बसतो, भिंतीवरच. उडता हवेतच असतो. त्याला वाटतं, हा घाबरला. मग ती जाळवाली बाई उडत्याला म्हणते, तू सगळं वरून बघतोस. वरून गाव दिसतं ठिपक्याएवढं. एकदा खाली उतर आणि चालत जा.

उडत्याला राग येतो, तो निघून जातो. पण त्याचा जीव कशात लागत नाही. मग एक दिवस तो खरंच खाली उतरतो आणि पायी निघतो. त्याला चालायची सवय नसते वैनी. ठेचा लागतात, काटे मोडतात, पायाला फोड येतात. वाटेत लोक त्याला ओळखत नाहीत, कारण उडत नसला की तो आपल्यासारखाच दिसतो. असा तो दगडीच्या दारात येतो आणि म्हणतो, तुझं गाव मला दाखव.

दगडी त्याला पाण्याच्या काठावर नेतो. पाणी ओसरलेलं असतं. दगडी बोटानं दाखवत जातो, इथं आमचा ओटा, इथं आई दळायची, इथं आमची म्हैस बसायची. उडता सगळं ऐकतो. शेवटी म्हणतो, “शहर वाचवलं ते चुकलो नाही. तुला विचारलं नाही, तिथं चुकलो.”

दगडी लगेच माफ करत नाही बरं का. बराच वेळ पाण्याकडं बघत बसतो. मग धरणाला पुन्हा भेग पडते, आणि दोघं उठतात. दगडी खालून पाठ लावतो, उडता वरून जोर लावतो, आणि धरण थांबतं. संपला पिक्चर.

कोण बरोबर निघालं ते मला सांगता येत नाही. पण मला रडू आलं.

यांचा सर्वांना नमस्कार. लाल्याला बाजारात नेऊ देऊ नको, काय वाटेल ते कर.

कोकिळा



बोरी
२६ मे १९८६

चि. कोकिळा,

आज हात शिवशिवतोय लिहायला. नीट बस आणि वाच, गिऱ्हाईक रंगनाथराव बघतील.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सांजच्याला मी ओट्यावर बसून वाचलं. सगळी आळी जमली. तुझे दादा आत, दाराआड, आपलं लक्ष नाही असं दाखवत सायकलची चेन पुसत बसलेले. भाऊजी त्यांच्या दारात लाल्याच्या अंगावरून हात फिरवत उभे. मी त्या ‘तुला विचारलं नाही, तिथं चुकलो’वर आले तेव्हा आत चेनीचा आवाज थांबला. वाचून झाल्यावर कुणी शिट्टी मारली नाही. धुरपतामावशी तेवढी म्हणाली, “पिक्चर लय चांगला हाय गं बाई. मला वाटलं नुसती हाणामारीच हाय.”

रात्री तुझे दादा जेवले नाहीत. सकाळी उठले, आंघोळ केली, टोपी घातली आणि निघाले. सायकल भिंतीला तशीच. मला वाटलं विसरले. म्हटलं, “सायकल राह्यली की.” म्हणाले, “राहू दे.”

तीन घरांचं अंतर गं, पण सगळी आळी दारात येऊन बघत होती. तुझे दादा अनवाणीच गेले. भाऊजी बाजाराला निघायचं म्हणून लाल्याचं दावं सोडत होते. तुझे दादा त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “वैज्या, तुजं गाव दाव मला.”

भाऊजींनी बराच वेळ त्यांच्या पायांकडं बघितलं. मग दावं परत खुंटीला बांधलं.

आम्ही चौघंही गेलो. जिंतूरला एसटी बदलली आणि येलदरीला उतरलो. यंदा पाणी पार खाली गेलंय. काठाकाठानं चालत गेलो, भेगाळलेला गाळ, शिंपले, आणि मधेच एका देवळाचा दगडी चौथरा वर आलेला. भाऊजी तिथून डोळे मिटून चालल्यासारखे सरळ गेले. पावलानं गाळ बाजूला केला तर खाली पायरी. म्हणाले, “ह्यो आमचा ओटा.” जरा पुढं गेले. “हितं माय दळायची.” आणि वैनीच्या डोळ्यांवर विश्वास ठेव, गाळात जात्याची खालची तळी निम्मी वर आलेली होती. त्यांचीच असेल का, देव जाणे. भाऊजी तिच्यावर हात ठेवून खाली बसले.

तुझे दादा त्यांच्याशेजारी बसले. तळीवरचा गाळ हातानं पुसायला लागले. शेवटी म्हणाले, “इचारायला पायजे व्हतं तुमाला.”

भाऊजी म्हणाले, “तू काय इचारणार? तू तर तवा नागडा हिंडायचास बोरीत.”

आणि दोघं जे हसायला लागले! हसता हसता भाऊजी रडायला लागले, मग तुझे दादा रडायला लागले. पारू आणि मी दुसरीकडं बघत उभ्या. मी काय डोळे कोरडे ठेवले असतील असं समजू नको.

येताना तुझ्या दादांनी ती जात्याची तळी खांद्यावर घेतली. भाऊजी नको म्हणत होते, पण ऐकलं नाही. एसटीत कंडक्टर म्हणाला, “हा धोंडा कशाला?” तुझे दादा म्हणाले, “धोंडा न्हाई सायब, गाव हाय ह्यांचं. बसू द्या.” त्यानं बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी लाल्या आणि काजळ्या एका जुवाखाली. जू मानेवर ठेवायच्या आधीच लाल्या आपण होऊन उजवीकडं जाऊन उभा राहिला. पहिली पाळी भाऊजींच्या रानात झाली, दुसरी आपल्या. मृगाच्या आत सगळं होईल. देव तुझं भलं करो, आणि त्या पिक्चरवाल्याचंही.

आणि ऐक, तो तंबू आता जिंतूरला आलाय, पावसाळ्याआधीचा शेवटचा मुक्काम. दोघांनी ठरवलंय, रविवारी सगळ्यांनी जायचं आणि उडता पायी येतो ती रीळ डोळ्यांनी बघायची. निम्मी आळी निघालीय.

तुझी,
कमलवैनी



पाथरी
३० मे १९८६

वैनी,

पाया पडते, त्यांना जिंतूरला जाऊ देऊ नको. पोटदुखी काढ, काजळ्याला आजारी पाड, काहीही कर.

तशी रीळ नाही. पिक्चरमधे दगडी मूठ मारतो, उडता धरणाची भिंत त्याच्या अंगावर पाडतो, आणि दगडी मरतो. मग उडता एकटाच आभाळात निघून जातो, मागं गाणं लागतं. एवढंच आहे. माझ्या शेजारची बाई म्हणाली, चला, एकदाचा मेला. मला तंबूतच तुझं पत्र आठवलं. हा शेवट मी तुम्हाला कसा लिहिणार होते? वैजूदादानं लाल्याला विकून वाट धरली असती.

म्हणून मी मनानंच रचलं. हे पेल्यांत चहा ओतता ओतता मला म्हणाले होते, “अगं, तो तर मेला, तू त्याला पायी कुठं चालवायलीस? उद्या त्यांनी बघितला म्हणजे?” मी म्हटलं, तंबू कुठला परत येतोय तिकडं. आला.

आता दोघांना कळेल की पत्र खोटं. दादाला वाटेल बहिणीनं फसवून पाय धरायला लावले. वैजूदादाला वाटेल, माझ्या गावाची पुन्हा थट्टा झाली. झालेलं सगळं मोडेल, आणि ते माझ्यामुळं. मला जेवण जात नाही.

कोकिळा



बोरी
६ जून १९८६

चि. सौ. कोकिळा,

आधी चार घास खा, मग पुढं वाच. तुझं पत्र आम्ही पिक्चर बघून आल्याच्या तिसऱ्या दिवशी पोचलं.

आणि मला पहिल्याच दिवशी कळलं होतं बरं. तू पिक्चर बघून येतेस आणि जाळवाल्या बाईच्या साडीवर एक ओळ लिहीत नाहीस? तेव्हाच म्हटलं, हा पिक्चर आमच्या कोकिळीनं घरी बसून काढलाय. पण वाचला मी मोठ्यानं, चांगला घसा खाकरून. म्हणजे निम्मं पाप माझं.

तरी जिंतूरला जाऊ नये असं मला वाटत होतं. थांबवायला गेले, पण निम्मी आळी चपला घालून तयार. तंबू गच्च भरलेला. धरण आलं, मूठ उगारली, बोरीची सगळी माणसं सरसावून बसली. आणि मग आत्ताच्या पत्रात तू लिहिलंस तसंच झालं. भिंत पडली, दगडी गाडला गेला, उडता उडून गेला, गाणं लागलं, दिवे लागले.

कुणी उठेना. मग धुरपतामावशी बायांच्या बाजूनं ओरडली, “अरे ए, पुढची रीळ लाव की!”

तंबूवाला म्हणाला, पिक्चर संपला. मग काय विचारतेस! “संपला कसा? उडता पायी येतो ती रीळ कुठं हाय?” “आमच्या कोकिळाबाईनं पाथरीला बघितलीय!” “पैशे घ्यायलास अन् निम्मा पिक्चर दावायलास व्हय?” गड्यांनी कनातच गुंडाळून बाजूला टाकली. तंबूवाला बिचारा हात जोडून सांगायला लागला की आईची शपथ, अशी रीळच नाही, उडता कुठं चालतच नाही, त्याला चालताना कुणी बघितलाय ते समोर आणा.

तुझे दादा मान खाली घालून बसले होते. त्यांना कळलं होतं सगळं. कान लाल झालेले मला एवढ्या लांबून दिसले. मी मनात म्हटलं, संपलं आता.

तेवढ्यात भाऊजी उठून उभे राहिले. अख्खा तंबू त्यांच्याकडं बघायला लागला. त्यांनी घाई केली नाही. म्हणाले,

“म्या बघितलाय. उडता पायी आला व्हता. अनवाणी. माझ्या दारात.”

एवढंच म्हणाले आणि तुझ्या दादांच्या खांद्यावर हात ठेवला. बोरीची माणसं एकेक करत हसायला लागली, मग टाळ्या वाजल्या. जिंतूरच्या लोकांना काही समजेना. तंबूवाल्याला तर अजिबात नाही, पण तो सुटला एकदाचा. जाताना मला विचारत होता, “बाई, ती रीळ खरंच कुठं हाय का? असंल तर मी घेतो.”

बाहेर आल्यावर भाऊजी मला म्हणाले, “वैनी, कोकिळीला लिवा. म्हणावं, पिक्चरवाल्यानं चुकीचा शेवट लावला, तुजा बराबर हाय.” आणि मग हळूच, “अन् म्हणावं, म्या बी पत्र ऐकताना वळखलं व्हतं. म्हशीवरनं. आमची म्हैस वट्याम्होरं बसायची, ते लहानपणी फकस्त तिलाच सांगितलं व्हतं म्या.”

तेव्हा जेव आता पोटभर.

पेरणीची तिफण दुरुस्त करून ठेवलीय. जात्याची तळी भाऊजींच्या ओट्यात बसवली, पारू तिच्यावर पाण्याचा हंडा ठेवते. तुझ्या दादांनी जिंतूरला सायकल एसटीवर टाकून नेली होती, येताना मिरवत यायचं म्हणून. बोरी फाट्यावर उतरलो तर दोघं मित्र पुढं निघाले, सायकल तुझ्या दादांच्या हातात. फाट्यापासून घरापर्यंत ढकलतच आणली, कुणी तिच्यावर बसलं नाही.

तुझी,
कमलवैनी